रणगाड्यामागचा लाल बूट

इस्माइलियात दात पाडणारे डॉक्टर गल्लोगल्ली होते, पण पडलेल्या दातांच्या जागी नवे बसवायचे म्हटलं की कारागीर उस्ता फिक्रीचं दार गाठावं लागे. कवळ्या बनवण्यात सुएझ कालव्याकाठी आपला हात धरणारा कुणी नाही, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा, त्यामुळे इतरांना ते म्हणायची पाळीच येत नसे. पण १९९८च्या त्या उन्हाळ्यात गिऱ्हाइकं बोळक्या तोंडानं हेलपाटे घालत होती आणि उस्ता रणगाडा बांधत होता.

रणगाडा खोक्यातून आला होता. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा, प्लास्टिकचा, अडीचशेच्या वर तुकडे. कुवेतच्या भाच्यानं पाठवलेला. खोक्यावरच्या चित्रात तो बर्फात उभा होता.

"बर्फात म्हणे!" फिक्री बायकोला म्हणाला. "आमच्या रणगाड्याच्या पत्र्यावर अंडं तळून निघायचं."

"मग तळून खा एखादं," इहसान म्हणाली. "हाज्जा करीमा तीन आठवडे नुसतं वरण पितेय. तिची कवळी कधी देणार?"

फिक्रीनं ऐकलं नाही. त्र्याहत्तरच्या लढाईत याच जातीचा रणगाडा त्यानं चालवला होता, आणि त्याला खोक्यातला रणगाडा नको होता, आपला हवा होता. दातांना भोक पाडायच्या ड्रिलनं त्यानं पत्र्यावर ओरखडे काढले. चाकांवरची झाकणं मेणबत्तीवर धरून वाकवली, कारण डाव्या बाजूचं झाकण त्यानं स्वतःच तळावरच्या भटारखान्याला घासलं होतं. मागच्या पेटीवर चहाची किटली बसवली. चौथ्या चाकाचा एक बोल्ट वाकडा बसला तर अख्खं चाक फेकून देऊन मेणाच्या साच्यातून नवं ओतलं. मग धुळीची पाळी आली. माणूस इमानदार, म्हणून फेरीबोटीनं कालव्यापलीकडे जाऊन सीनायची खरी वाळू पिशवीभर आणली आणि इहसानच्या चहाच्या गाळणीनं चाळून लावली. रणगाडा चण्याच्या ढिगाऱ्यात अडकल्यासारखा दिसायला लागला. माणूस अंगठ्याएवढा झाला तरी वाळू काही लहान होत नाही. शेवटी कवळ्यांचं प्लास्टर काळ्या चहात भिजवून, वाळवून, खलून लावलं, तेव्हा कुठे धूळ जमली. गाळणी मात्र कायमची गेली.

सगळ्यात शेवटी त्यानं हिरड्यांच्या गुलाबी मसाल्यातून तिळाएवढा एक बूट कोरला, लाल रंगवला, आणि रणगाडा रुतला तर चाकांखाली घालायला मागे बांधलेल्या ओंडक्याला दात बांधायच्या बारीक तारेनं टांगला.

ऑक्टोबर जवळ आला होता. लढाईला पंचवीस वर्षं होणार म्हणून संस्कृती भवनात प्रदर्शन भरायचं होतं आणि त्याचे प्रमुख होते कर्नल मुख्तार बे, निवृत्त. लढाईत ते नुकतीच मिसरूड फुटलेले लेफ्टनंट होते आणि फिक्रीच्याच रणगाड्यात वर उभे असायचे. दर वर्षी त्यांचं भाषण व्हायचं. पहिल्या वर्षी त्यात शत्रूचा एक रणगाडा फुटला होता. गेल्या वर्षीपर्यंत आकडा सहावर गेला होता. शांततेच्या काळात इतकं नुकसान कुठल्याच सैन्याचं झालं नसेल.

मुख्तार बे दुकानात आले, खुर्चीवरच्या कवळ्या बाजूला सारून बसले आणि मॉडेल हातात घेऊन खूश झाले. मग त्यांनी ते फिरवलं.

"हे काय लोंबतंय?"

"बूट, फंदम." इतक्या वर्षांनीही त्याच्या तोंडून साहेबांसाठी तोच शब्द निघायचा.

"बूट आहे ते दिसतंय मला. फिक्री, हा सैन्याचा रणगाडा आहे, कलिंगडांचा ट्रक नव्हे. काढ."

"शेहाताचा आहे, फंदम."

"माहीत आहे कुणाचा आहे. पण कालवा ओलांडला तेव्हा तो तिथं नव्हता. मी काढायला लावला होता आणि काढलास तू. बोल, खोटं आहे? एका बोल्टसाठी चाक फेकणारा माणूस तू, आणि मागे हे खोटं लटकवतोस?"

फिक्रीनं मॉडेल त्यांच्या हातातून काढून घेतलं. खोटं नव्हतंच ते.

शेहाता त्यांच्या रणगाड्यात तोफेत गोळे भरायचा. शेहाता म्हणजे भिकारी. आधीची तीन मुलं दगावली की चौथ्याचं नाव असं ठेवतात, म्हणजे नजर तिकडे फिरकत नाही. दिसायला रेड्यासारखा, पण दृष्ट लागण्याला लहान पोरासारखा भ्यायचा. शेवटच्या रजेवरून येताना त्यानं आपल्या तान्ह्या पोरीचा एक लाल बूट आणला आणि ट्रकवाले टांगतात तसा मागे टांगला. हल्ल्याच्या सकाळी पाहणीत लेफ्टनंटसाहेबांना तो दिसला. काढ म्हणाले. फिक्रीनं काढून खिशात घातला. शेहाता नुसता ओंडक्याकडे बघत राहिला. तिसऱ्या दिवशी रणगाड्यावर गोळा आला. बाकीचे तिघं बाहेर पडले, शेहाता पडला नाही.

तो बूट फिक्रीच्या खणात होता. गिऱ्हाईक देवाघरी गेल्यामुळे न नेलेल्या कवळ्यांमध्ये, बिस्किटांच्या डब्यात. पंचवीस वर्षांत शेहाताच्या बायकोकडे जायला दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा बस थांब्यावरून परत आला. आपणच शेहाताला मारलं असं त्याला वाटायचं, आणि हे त्यानं इहसानलाही कधी सांगितलं नव्हतं.

आता मात्र त्यानं ठरवलं: बूट राहील की जाईल ते ती बाई सांगेल. मॉडेल खोक्यात, डबा काखेत, आणि तिसऱ्यांदा थांबा. या वेळी बसमध्ये चढला. तेल अल-कबीरला उतरून पेरूच्या बागेमागचं घर शोधलं.

शेहाताची बायको बदरिया ओट्यावर मुलुखियाची भाजी निवडत होती. शेजारी तिची नणंद अत्तियात लसूण सोलत होती. दोघी एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या, आणि ते आजचं नव्हतं.

फिक्रीनं डबा उघडून पुढे केला. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पाठ केल्यासारखं, न थांबता.

बदरियानं बूट उचलला. उलटा केला. तळवा बघितला.

"हा चोरला होता त्यानं?"

"चोरला म्हणजे, नवालच्या आई, स्वतःच्याच पोरीचा..."

"ईदसाठी घेतलेला नवा कोरा जोड होता! एक नाहीसा झाला, मी सगळं घर पालथं घातलं. पोरगी हिच्या कडेवर होती, म्हणून मी हिला..." ती थांबली.

"चोर म्हणालीस," अत्तियात लसूण खाली न ठेवता म्हणाली. "पंचवीस वर्षं म्हणतेस. माझ्या लग्नातसुद्धा म्हणालीस. आता माफी माग."

"माफी त्याला मागायला लाव, तुझ्या भावाला! तोच चोर." मग फिक्रीकडे वळून, "आणि तू असा मेल्यासारखा का उभा आहेस?"

"मी बूट काढला नसता तर तो..."

"अरे येड्या, बुटानं गोळा अडत असता तर सरकारनं रणगाडे कशाला घेतले असते? बुटांच्या दुकानात गेलं असतं." तिनं बूट मांडीवर ठेवला. मग विचारलं, "कालवा ओलांडताना हा कुठं होता?"

"माझ्या खिशात."

"आणि गोळा आला तेव्हा?"

"खिशातच."

"म्हणजे रणगाड्यातच होता की. बाहेर नाही, आत."

फिक्रीनं मान हलवली. त्याच्या पुढचं त्याला पंचवीस वर्षं ठाऊक होतं, पण ते तिच्या तोंडून येईल असं वाटलं नव्हतं.

"मग तुला तरी लागू पडला ना," बदरिया म्हणाली. तिचा आवाज फाटला, तिनं तो ओढून सरळ केला. "वाया नाही गेला. चांगल्यातले होते ते बूट. तुझा तो छोटा दाखव."

फिक्रीनं खोकं उघडलं. तिनं डोळे बारीक करून तिळाएवढा बूट बघितला आणि म्हणाली, "राहू दे. कोण काढायला लावतो ते मी येऊन बघते."

आणि आली. प्रदर्शनाच्या दिवशी पहिल्या रांगेत, अत्तियातला शेजारी बसवून, मांडीवर दोन्ही लाल बुटांची पिशवी. मुख्तार बे मॉडेलपाशी आले, वाकले.

"फिक्री, मी काढायला सांगितलं होतं."

"हो, फंदम," फिक्री म्हणाला. तो मॉडेलच्या आड येऊन उभा राहिला. "मागच्या वेळी काढला. आता नाही काढणार."

मुख्तार बेंनी त्याच्याकडे बघितलं, मग रांगेतल्या बाईकडे, मग तिच्या पिशवीकडे. ते मंचावर चढले. भाषणाचा कागद काढला, चष्मा लावला. शत्रूचा पहिला रणगाडा नेहमीच्या जागी फुटला. दुसरा फुटायच्या आत खालून बदरियाचा आवाज आला:

"बुटाचं सांगा!"

लोक हसले. मुख्तार बे कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी त्याची घडी घातली.

"आमच्या रणगाड्यात शेहाता म्हणून एक जवान होता," ते म्हणाले. इतक्या भाषणांत हे नाव पहिल्यांदा आलं. "त्यानं पोरीचा बूट टांगला होता. मी बावीस वर्षांचा होतो, आणि लोक हसतील म्हणून मी तो काढायला लावला. त्याला एकदा विचारायला हवं होतं. चूक माझी होती."

टाळी वाजवावी की नाही ते सभागृहात कुणाला कळेना. फिक्री भिंतीला टेकला. त्याला रडू आलं आणि त्यानं ते अडवलं नाही.

पहिल्या रांगेत अत्तियातनं बदरियाला कोपरानं ढोसलं.

"ऐकलंस? याला म्हणतात माफी. आता तू."