चटकाबाईचा डावा कान

गल्लीत तिला सगळे चटकाबाई म्हणायचे, आणि तेही तोंडावर. नवऱ्यानं शेवटचा हात उगारला तेव्हा ती रेडिओला डाग देत बसली होती. सोल्डरच्या सळईचं तापलेलं टोक तिनं सरळ त्याच्या मनगटावर टेकवलं. तो किंचाळत बसला, आणि ही पायात चपला सरकवून बाहेर पडली ती कायमची. पण त्याआधीच्या एका थपडेनं डावा कान गेला तो गेलाच. आणि नशिबाची थट्टा बघा, पोटाला धंदा मिळाला तो आवाजाचा! स्पीकर, लॅपटॉप, जे मुकं झालं असेल ते बोलतं करायचं. हेडफोन तपासायची तिची रीत ठरलेली होती. एकदा सरळ घालून ऐकायचं, मग उलटा फिरवून ऐकायचं, म्हणजे दोन्ही बाजू चांगल्या कानाला कळतात.

त्या दुपारी एक तरुण बाई पोटाशी लॅपटॉप धरून दुकानात आली. गालावर पिवळा पडत चाललेला वळ होता.

"ताई, यातल्या रेकॉर्डिंगचा आवाज येत नाहीये. उद्या कोर्टात दाखवायचंय."

"काय आहे त्यात?"

"मार आहे," ती म्हणाली.

चटकाबाईनं स्टूल पुढे सरकवलं.

लॅपटॉप त्या तरुण बाईच्या भावाचा, जुना, लिनक्सवर चालणारा. कॅमेरा चालू करून तिनं तो स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला होता. पण चित्रात दिसत काय होतं? अंधुक उजेडात नवरा, सासू आणि ती, तिघांच्या पाठी आणि हातांची नुसती झटापट. नवऱ्याचं म्हणणं, हीच आईच्या अंगावर धावून गेली, मी आवरलं.

"सासूबाई मला सोडवत होत्या हो. पहिल्या फटक्यानंतरचं मला नीट आठवत नाही, पण त्या मध्ये पडल्या म्हणून मी जिवंत आहे. उद्या त्या मुलाच्या बाजूनं बोलणार, आईच ती. पण त्यांचाच आवाज ऐकवला तर खोटं कसं बोलतील? आणि उद्या हरले तर परत त्याच घरात जायचं, ताई. भाऊ काही ठेवून घेणार नाही."

चटकाबाईनं टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी, उघडलं. साऊंड कार्डच सापडेना. ते चालवणारं सॉफ्टवेअरचं पॅकेजच जागेवर नव्हतं. "भावानं डिस्कवरची जागा साफ करताना हेही झाडून टाकलेलं दिसतंय, शहाण्यानं!" नवीन पॅकेज टाकायला गेली तर आधीचं एक अर्धवट राहिलेलं आडवं आलं. ते पुरं केलं, मग हे टाकलं, लॅपटॉप बंद करून चालू केला. कार्ड दिसलं. मिक्सरमध्ये म्यूट होतं, तेही काढलं.

"मोठ्यानं नको, ताई. बाहेर लोक आहेत."

म्हणून हेडफोन लावला. काही नाही. मग त्या सुनेच्या डोक्यावर चढवला. तिनंही मान हलवली, काही नाही. पडद्यावर आवाजाच्या पट्ट्या नाचत होत्या आणि कानात शुकशुकाट. "मेल्या, खोटं बोलतोस होय रे माझ्याशी!" लॅपटॉपला शिव्या घालत तिनं पॅकेज काढून पुन्हा टाकलं, आवाज होता तेवढा वर नेला, हेडफोन परत स्वतःच्या डोक्यावर चढवला आणि रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केलं. सून सारखी दाराकडे बघत होती. त्या घाईत हेडफोन उलटा फिरवायचं राहूनच गेलं.

दार धाडकन उघडलं. सुनेचा नवरा आत घुसला, तिचे केस मुठीत धरले आणि कपाळ काउंटरवर आदळलं. "कोर्टात जातेस? थांब, आज तुझं नरडंच दाबतो!" त्याची आई दाराबाहेरच उभी राहिली. जमणाऱ्या लोकांना हात जोडून सांगू लागली, "घरचं भांडण आहे हो, तुम्ही पडू नका मध्ये. मी आहे ना, मी सोडवते."

चटकाबाई हेडफोनसकट उठली. तिनं सोल्डर उचललं, पण ते थंडगार. आज डाग द्यायचं कामच नव्हतं. तरी तिनं ते त्याच्या खांद्यात खुपसलं. त्यानं तिच्या तोंडावर ठोसा हाणला. ओठ फाटला, रक्त हनुवटीवरून छातीवर ओघळलं. मग त्यानं हेडफोनची वायर पकडून तिच्या गळ्याभोवती आवळायला हिसडा दिला, आणि वायर लॅपटॉपातून उपटून आली.

स्पीकर गरजला. धपाधप फटके. भांडं पडल्याचा आवाज. सुनेची किंकाळी, "आई, सोडवा हो!" आणि त्यावर सासूचा आवाज, भाजी निवडताना बोलावं तितका शांत:

"तोंडावर नको रे, लोकांना दिसतं. कानावर घाल."

बाहेर सासूचे जोडलेले हात तसेच राहिले. सगळी गल्ली तिच्याकडे बघत होती.

नवरा लॅपटॉपवर झेपावला. चटकाबाई त्यावर पालथी पडली. त्यानं तिच्या पाठीत लाथा घातल्या, बरगडीत घातल्या, पण ती हलली नाही. शेजारचा शिंपी आत धावला, मागून आणखी दोघे आले. त्यांनी त्याला ओढून रस्त्यावर नेलं आणि असा बुकलला की त्याला उठता येईना. सासू ओरडत होती, "मारू नका हो त्याला!" कुणी ऐकलं नाही, आणि बरंच झालं!

चटकाबाई कशीबशी उठली. रक्त पुसत तिनं मिक्सर पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. आवाजाचा तोल पूर्ण डावीकडे सरकलेला होता. मघापासून हेडफोनमध्ये आवाज येतच होता, फक्त डाव्या बाजूनं. तिला तो कळला नाही हे ठीक. पण या पोरीला?

सून भिंतीला टेकून बसली होती. चटकाबाई तिच्या डाव्या बाजूला गेली आणि हळूच म्हणाली, "पोरी."

सुनेनं मान वळवली नाही.

 चटकाबाई वळसा घालून उजवीकडे आली, तिच्याजवळ जमिनीवर बसली. "रेकॉर्डिंगची कॉपी करून देते. आणि उद्या मीही येते कोर्टात. दोघींचे कान दाखवू."