फाबियाना काल्मो कोर्टात उभी राहते

फाबियाना काल्मोनं आणि मी अमेरिकेतल्या ओकलंडच्या एका हॉटेलच्या लाँड्रीत नऊ वर्षं शेजारी शेजारी चादरी धुतल्या. ती तोदोस सांतोसची, म्हणजे ग्वातेमालाच्या पार वरच्या डोंगरातली. उंची जेमतेम पाच फूट, पण आवाज दोन मजले पार करणारा. आम्हा माम लोकांत, म्हणजे तिथल्या मूळच्या आदिवासींत, वडीलधाऱ्या बाईला ‘नान’ म्हणतात. फाबियानाला तिशीतच सगळे नान म्हणू लागले, कारण तिला नुसतं नावानं हाक मारायची कोणाची छाती नव्हती. शाळा तिसरीपर्यंत. स्पॅनिश शिकली ती कॉफीच्या मळ्यावर, मुकादमाची बोलणी खात आणि त्याला ती सव्याज परत करत.

इस्त्रीच्या टेबलावर रुफिना असायची. तीही मामच, पण कोमितान्सियो गावाकडची, बोली जरा वेगळी. तिची भाची ओदिल्या तेरा वर्षांची होती. ती एकटीच सरहद्द ओलांडून आली. तिथे पकडलं, दोन महिने मुलांच्या निवाऱ्यात ठेवलं, मग मावशीच्या हवाली केलं आणि हातात कोर्टाची तारीख दिली. ती तारीख जवळ आली तशी रुफिनाला जेवण जाईना.

“माझेच कागद धड नाहीत, नान. मी कोर्टाची पायरी कशी चढू?”

“तू खाली चौकात बस,” फाबियाना म्हणाली. “मला आश्रयाचे कागद मिळालेत. मी जाते. मला कोण खातंय?”

मीही रजा काढून गेले. कोर्टात त्या दिवशी सगळी मुलंच होती. एवढीएवढीशी पोरं, केस चापूनचोपून बसवलेली, पाय जमिनीला न टेकणारी. बहुतेकांना वकील नव्हता. ओदिल्या नव्या शाळेच्या स्वेटरमध्ये पुढे जाऊन बसली. दुभाष्या स्पॅनिशचा. माणूस सज्जन होता, कोट कडक इस्त्रीचा.

न्यायाधीशबाईंनी मायेनं विचारलं, “तुला स्पॅनिश कळतं ना, बाळ?”

“सी,” ओदिल्या म्हणाली. म्हणजे हो.

“तू इथे कोणाकडे राहतेस?”

“सी.”

“तुझं वय किती?”

“सी.”

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. बाईंनी पुढचा कागद उचलला. “तुला तुझ्या देशात परत जायचंय का?”

पोरीनं तोंड उघडायच्या आत फाबियाना उभी राहिली. “थांबा! तिला ओ की ठो कळत नाहीये!”

शिपाई धावला. “बसा बाई, खाली बसा.”

“बसते की. आधी ह्यांना सांगते. हे पोर सरहद्दीवर एकच शब्द शिकलंय. हो म्हटलं की कोणी ओरडत नाही, एवढंच तिला ठाऊक आहे. तिला ‘तुला फासावर देऊ का’ विचारा, हो म्हणेल!”

दुभाष्यानं हे सगळं इंग्रजीत कसं सांगितलं देव जाणे, पण न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. “तुम्ही कोण?”

“मी चादरी धुते.”

“बरं. हिची भाषा कोणती?”

“माम.”

“मॅम वगैरे राहू द्या हो. भाषा सांगा.”

“माम!”

“अहो, मान दिलात, पोहोचला. पण भाषा?”

“तेच तर सांगतेय! भाषेचंच नाव माम!”

आता अख्खं कोर्ट हसलं. न्यायाधीशबाईही हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या. आतापर्यंत दिलेली उत्तरं धरू नका असं त्यांनी लिहवून घेतलं, पुढची तारीख दिली, माम दुभाष्या आणायला सांगितलं आणि फुकट काम करणाऱ्या वकिलांची यादी फाबियानाच्या हातात ठेवली. ओदिल्याला काय झालं ते कळलंच नव्हतं. बाहेर आल्यावर फाबियानानं तिला मामध्ये सांगितलं, तेव्हा पोर चौकात मटकन खाली बसली आणि पोटभर रडली. रुफिनाला वाटलं, घालवलंच हिला परत.

यादीतल्या चौथ्या फोनला नोरीन नावाची वकीलबाई मिळाली. तिनं रस्ता समजावला. आईवडिलांनी वाऱ्यावर सोडलेल्या मुलांसाठी वेगळा कायदा आहे. आधी कुटुंब न्यायालयाने मावशीला पालक नेमायचं आणि मुलीला परत पाठवणं तिच्या हिताचं नाही असं लिहून द्यायचं. त्यानंतर इथे राहण्याचा अर्ज. तिथले न्यायाधीश मावशीचे कागद विचारत बसत नाहीत, हे रुफिनाला तीन वेळा सांगावं लागलं.

मग जबाब घ्यायला आम्ही सगळ्या नोरीनच्या कचेरीत बसलो. मधे फाबियाना.

“वडिलांनी तुला टाकलं का?” नोरीननं विचारलं.

फाबियानानं ते मामध्ये सांगितलं. ओदिल्या घाईनं म्हणाली, “नाही नाही. बाबा चांगले आहेत.”

नोरीनचा चेहरा पडला. “असं असेल तर केस उभी राहणं कठीण आहे.”

“बाई, तुमचा प्रश्न चुकतोय,” फाबियाना म्हणाली. “आमच्यात बापाला असं बोलत नाहीत. पोरीला वाटतंय तुम्ही तिला चहाडी करायला लावताय.”

“पण मी विचारेन तेवढंच तुम्ही सांगायचं, फाबियाना. मनाचं घालायचं नाही. नियम आहे.”

“घालत नाही. तुम्हीच विचारा. बूट कोणी घेऊन दिले, ते विचारा.”

नोरीननं वहीचं पान उलटलं. मग विचारलं.

“आजीनं,” ओदिल्या म्हणाली.

“ताप आला की जवळ कोण बसायचं?”

“आजी.”

“आणि बाबा?”

“आई वारली तेव्हा मी चार वर्षांची होते. बाबा किनाऱ्याकडे ऊसतोडीला गेले. तिकडे त्यांची दुसरी मुलं आहेत. एकदा आले होते. मला ओळखलं नाही. मग आजीही वारली.”

“आणि आजी गेल्यावर?”

ओदिल्यानं स्वेटरची बाही ओढून तोंडावर घेतली. “मग कोणी नाही.”

फाबियानानं तेवढंच सांगितलं, एक शब्द जास्त नाही. पण तिचा तो दोन मजले पार करणारा आवाज मला शेजारी बसूनही नीट ऐकू आला नाही.

सात महिन्यांनी रुफिना पालक झाली. त्या दिवशी तिनं लाँड्रीभर तामाले, मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, वाटले.

नोरीनच्या सांगण्यावरून फाबियाना दर शनिवारी दुभाष्यांच्या वर्गाला जाऊ लागली. आम्ही छळायचो, “नान, आता आमच्याशी बोलायलाही फी घेणार का?” ती म्हणायची, “तुझ्याशी बोलायची तर दुप्पट.” शपथ घ्यायला शिकली, मधे न बोलायला शिकली, आणि हे दुसरं तिला फार जड गेलं. कोमितान्सियोवाले तोंडात गरम बटाटा धरून बोलतात अशी ती त्यांची टिंगल करायची. आता त्याच बोलीतले शब्द वहीत उतरवायला रुफिनाच्या मागे मागे फिरते. सोमवार-मंगळवार कोर्टात असते, बाकीचे दिवस अजून चादरी धुते.

ओदिल्याचा अर्ज मंजूर झाला, पण कायम राहण्याच्या कार्डाची रांग काही वर्षांची आहे. ती रांगेत आहे. सतरा वर्षांची झाली, मोबाइलच्या पायी मावशीशी भांडते आणि शाळेच्या फुटबॉल संघात बचावाला खेळते. गेल्या रविवारी सामना होता. आमच्या पोरी चार गोलांनी हरल्या. फाबियाना कडेनं धावत होती, “अगं ओदिल्या, ती बघ आली, आडवी हो ना!” शेवटी पंचानं तिला रेषेच्या मागे उभं केलं.