चंद्रकांतचं पहिलं भाषण, दुसऱ्यांदा

रिहे गावच्या चंद्रकांतची बायको शालन भातझोडणीच्या दिवसांत गेली. खळ्यावरच तिच्या छातीत कळ आली, आणि पौडच्या दवाखान्यात नेता नेता गाडीतच सगळं आटोपलं. गावात हे कुणाला सांगावं लागलं नाही. चंद्रकांत घरी पोचायच्या आत बातमी खोरंभर फिरली होती. तळेगावला दिलेल्या लेकीला चंद्रकांतच्या चुलतीनं, साळूबाईनं, फोन केला. दहावं-तेरावं भावकीनं पाहिलं. म्हणजे ‘माझी बायको गेली’ हे चंद्रकांतला स्वतःच्या तोंडानं एकदाही म्हणावं लागलं नाही.

तो रडलाही नाही. लोक म्हणाले, गडी धीराचा आहे. धीर कसला डोंबलाचा! त्याला काही वाटतच नव्हतं. दात काढायच्या आधी सुई दिली की गाल जसा आपला राहत नाही, तसा तो अख्खा स्वतःचा राहिला नव्हता. साळूबाईनं भाकरी वाढली की खायचा, ताट उचललं की उठायचा. लेकीचा रोज फोन यायचा. काय जेवलात, काय केलं होतं, एवढं बोलून दोघं फोन ठेवायची.

आता अशा माणसाचा आणि भाषणाचा संबंध काय, तर चंद्रकांत पिरंगुटच्या एका कारखान्यात सुरक्षेचं काम पाहायचा. पाळी सुरू होताना कामगारांपुढे उभं राहून हेल्मेट घाला, हातमोजे घाला एवढं सांगायचं, तर त्याचे पाय लटपटायचे आणि घशाला कोरड पडायची. शेवटी साहेबांनी त्याला कासार आंबोलीजवळच्या एका सोसायटीत रविवारी सकाळी भरणाऱ्या भाषण क्लबात घातलं. तिथली मंडळी बहुतेक आयटीतली. कुणी लातूरचं, कुणी अकोल्याचं, बोलण्यात अर्धं इंग्रजी. माणसं वाईट नव्हती, पण प्रत्येक गोष्टीला त्यांचा नियम होता. भाषणाला उठताना टाळ्या, बसताना टाळ्या. एकजण फक्त बोलणारा किती वेळा ‘अं’ म्हणतो ते मोजत बसायचा. दुसरा घड्याळ लावून रंगीत कार्डं दाखवायचा: हिरवं म्हणजे भाषण मोजण्याइतकं झालं, पिवळं म्हणजे आवरतं घ्या, लाल म्हणजे पुरे. हिरवं लागायच्या आत खाली बसलात, तर भाषण धरलंच जायचं नाही. शेवटी एकजण त्या भाषणाचं गुणदोष-परीक्षण करायचा, आणि त्याला उलट उत्तर द्यायचं नाही, हा तर सगळ्यात कडक नियम.

हे सगळं चंद्रकांतनं घरी सांगितलं तेव्हा शालन पोट धरून हसली होती. “मानूस बोलतुया आन् ही अं-अं मोजत्यात व्हय?” पण दुसऱ्या दिवसापासून तीच त्याची तालीम घ्यायला लागली. कार्डं कुठली असणार घरात? तिनं हिरवी मिरची, लिंबू आणि टोमॅटो पुढ्यात मांडले. चुलीपुढे बसून भाकरी थापता थापता ती पिठाच्या हातानं मिरची उचलायची, मग लिंबू. चंद्रकांत रंगात येऊन लांबण लावायला लागला की टोमॅटो. “बसा खाली आता,” म्हणायची, “कालवन करायचं हाय मला त्याचं.”

क्लबात दहा भाषणांचं एक पुस्तक होतं. पहिलं भाषण स्वतःची ओळख, मग एकेक अवघड होत जाणारं. चंद्रकांतची नऊ झाली होती. दहावं झालं की बिल्ला मिळणार होता, आणि त्या दिवशी शालनही येणार होती. नवी साडी नेसायची की नारळीपौर्णिमेला घेतलेली, इथपर्यंत तिचं ठरत आलं होतं.

ती गेल्यावर त्यानं क्लबाच्या ग्रुपवर लिहिलं, ‘घरगुती कारणामुळे काही दिवस येता येणार नाही.’ उत्तरादाखल अंगठे आले. कुणीतरी ‘टेक केअर काका’ लिहिलं. त्यांना वाटलं असेल, घरात लग्नकार्य आहे. सांगायचं राहून गेलं, आणि एकदा राहिलं ते राहिलंच.

माघात तो परत गेला. त्याला जावंसं वाटत होतं असं नाही. रविवारी घरात बसलं की माणसं येऊन समोर गप्प बसायची, त्यापेक्षा तिथं बरं, एवढंच. त्या दिवशी क्लबचा अध्यक्ष अनिमेष पडद्यावर चित्रं दाखवत होता. वरून नवीन प्रशिक्षण कार्यक्रम आला होता. पुस्तक बंद, आता सगळं मोबाईलवर. आपापली वाट निवडायची: कुणाला पुढारीपण शिकायचंय, कुणाला गोष्ट सांगायला, कुणाला विनोद करायला. त्याच्या पायऱ्या, पायऱ्यांच्या परीक्षा, सगळं अनिमेषनं हौसेनं सांगितलं. चंद्रकांतनं एकच विचारलं.

“माझी नऊ झाली होती. त्यांचं काय?”

“ती अनुभव म्हणून राहतीलच ना काका,” अनिमेष म्हणाला. “पण नवीन कार्यक्रमात सगळे पुन्हा पहिल्यापासून. मीसुद्धा. पहिलं भाषण तेच, स्वतःची ओळख. आणि तुम्ही आमच्यात सीनियर, तर पुढच्या रविवारी सुरुवात तुम्हीच करा!”

टाळ्या झाल्या. नऊ भाषणं पाण्यात गेल्याचं चंद्रकांतला काही वाटलं नाही. पण पहिल्या भाषणाचा शेवट त्याला तोंडपाठ होता. ‘आणि घरी,’ म्हणून त्यात शालन यायची, तिच्या म्हशी यायच्या, तिचं हसणं यायचं. लोक खूप हसले होते त्या वेळी. आता तिथं काय म्हणायचं?

आठवडाभर त्यानं त्याचा विचार केला आणि सोपा उपाय काढला. घर वगळायचं. नाव, गाव, कारखाना, इंद्रायणीचा भात, बास. शनिवारी संध्याकाळी तो स्वयंपाकघरात उभा राहून म्हणून पाहायला लागला. एवढ्यात साळूबाई भाकरी-कोरड्यास घेऊन आली.

“कुनाशी बोलतुयास रं?”

“भाषान हाय उद्या.”

“मग बोल की. मी बसते ऐकत.” तिनं पाट ओढला.

“न्हाई, झालं,” चंद्रकांत म्हणाला, आणि जेवायला बसला.

रविवारी तो उठला तेव्हा टाळ्या झाल्या. नाव झालं, गाव झालं, कारखाना झाला. पाय लटपटत नव्हते, घसाही कोरडा नव्हता. कशाचंच काही वाटत नसलं की माणूस चांगला बोलतो, हे त्या दिवशी दिसलं. इंद्रायणीच्या भाताचा वास सांगून झाला, आणि भाषण संपलं. त्यानं घड्याळवाल्याकडे पाहिलं. हिरवं कार्ड अजून टेबलावरच होतं. शालनला वगळल्यावर भाषण मोजण्याइतकं राहिलंच नव्हतं. आणखी थोडं बोलायला हवं होतं, आणि त्याच्या जिभेला पुढचं एकच ठाऊक होतं.

“आणि घरी,” चंद्रकांत म्हणाला.

तो तिथंच थांबला. समोर मंडळी हसरे चेहरे करून वाट पाहत होती. पंखा फिरत होता. अं मोजणाऱ्याला मोजायला काही नव्हतं. बऱ्याच वेळानं हिरवं कार्ड वर आलं. चंद्रकांतनं ते पाहिलं, “धन्यवाद” म्हटलं आणि जागेवर जाऊन बसला. टाळ्या झाल्या.

परीक्षण मृण्मयीकडे होतं. हिंजवडीत कामाला, मनानं चांगली मुलगी. तिनं रीतीप्रमाणे आधी कौतुक केलं. काकांचा आत्मविश्वास किती वाढलाय, भाताचं वर्णन किती सुंदर. “पण खरी कमाल म्हणजे तो पॉज,” ती म्हणाली. “आणि घरी, म्हणून काका थांबले, माझ्या अंगावर काटा आला! आपण घाबरून लगेच बोलतो, काकांनी शांतता पेलली. फक्त एक सुधारणा सुचवते. काका, एवढं वातावरण तयार केलंत, तर ते वाक्य पूर्ण करा. श्रोते वाट पाहत असतात. मागे तुम्ही काकूंचं किती छान सांगितलं होतंत.”

टाळ्या झाल्या. नियमाप्रमाणे चंद्रकांतनं नुसती मान हलवून गप्प बसायचं. त्यानं मान हलवलीही. मग तो उठला. कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून टाळ्या नाहीत.

“वाक्य पूर्ण करतो,” तो म्हणाला. “आणि घरी आता कुणी नाही. माझी बायको शालन, झोडणी चालली होती तेव्हा वारली.”

हे त्यानं पहिल्यांदाच ऐकलं. इतके दिवस ते लोकांना ठाऊक होतं, त्याला सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. आता सांगितलं ते त्याच्याच आवाजात. मागच्या रांगेत कुणाचे तरी सवयीनं उचललेले हात टाळी न वाजवताच खाली आले. अनिमेष उभा राहिला, आणि काय करावं हे न कळून उभाच राहिला. घड्याळवाला बिचारा इतका गोंधळला, की हाताला लागलं ते कार्ड त्यानं वर धरलं. ते लाल होतं.

चंद्रकांत त्या लाल कार्डाकडे पाहत राहिला.

“कालवन करायचं हाय तिला त्याचं,” तो म्हणाला, आणि तिथंच, सगळ्यांसमोर, त्याला रडू फुटलं.