न सांगितलेला पासवर्ड

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. जयनगरमधलं हे एक मात्र अजून वेगळं उभं राहतं, कारण त्यात चूक माझी होती.

मी मूळचा निपाणीकडचा. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं आणि बेंगळुरूत एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. एका सकाळी आमच्या हद्दीत राहणारी नागपूरची तरुणी तक्रार घेऊन आली. ती महादेवपुऱ्यात आयटी कंपनीत नोकरीला होती. तिच्या नावाने कोणीतरी बनावट खातं उघडलं होतं. त्यावर तिचे फोटो, तिचा मोबाइल नंबर आणि सोबत घाणेरडा मजकूर. दोन आठवडे तिला परक्या पुरुषांचे फोन येत होते. ती शांतपणे बोलत होती, पण टेबलावरचा मोबाइल वाजला की दचकत होती.

एफआयआर नोंदवून आम्ही तपशील मागवले. खातं जिथून चालवलं जात होतं ते इंटरनेट कनेक्शन जयनगरमधल्या एका घराचं निघालं. घर सीमाभागातून आलेल्या एका निवृत्त मराठी मास्तरांचं. पत्नी वारलेली, घरात ते आणि सत्तावीस वर्षांचा मुलगा. मी पत्ता वाचून दाखवताच त्या तरुणीने तो पुन्हा वाचायला सांगितला.

"सर, हे माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या मामांचं घर आहे. मी एकदाच गेले होते, जेवायला."

"मुलगा होता घरी?"

"होता. पण तो फारसं बोललाही नाही."

मला तेवढं पुरेसं वाटलं. न बोलणाऱ्या माणसाबद्दल पोलिसाच्या मनात शंका लवकर येते. भर दुपारी जीप दारात उभी केली, पंचनामा करून मुलाचा मोबाइल आणि लॅपटॉप जप्त केला आणि त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. शेजारची माणसं गेटपाशी येऊन बघत होती.

मास्तर मागोमाग रिक्षाने आले. "साहेब, आमचा पासवर्ड माझ्या डायरीत आहे. भाची पंधरा दिवस राहायला होती, तिला दिला. बाकी कुणाला नाही."

"म्हणजे वापरणारे तुम्ही, तुमचा मुलगा आणि भाची. बरोबर ना मास्तर?"

"होय."

"मग तुम्हीच सांगा, मी कुणाला धरू?"

मुलाला मी तीन तास बसवलं. हात उगारला नाही, पण आवाज चढवला. फिरवून फिरवून तेच प्रश्न विचारले. तो एकच सांगत होता, "मी केलं नाही सर." शेवटी मी म्हणालो, "कबूल कर, म्हणजे तुझ्या वडिलांना घरी जाता येईल." तो खाली मान घालून रडायला लागला. ते रडणं मी कबुलीच्या आधीचं समजलो.

त्याच वेळी माझा फोन वाजला. ती तरुणी होती. "सर, त्या खात्यावर आत्ता नवीन फोटो पडलाय."

मुलगा माझ्यासमोर, त्याची यंत्रं कपाटात सीलबंद आणि मास्तर बाहेर बाकावर. इंटरनेट कंपनीकडे तातडीने विचारणा केली. कनेक्शन तेच निघालं, त्या रिकाम्या घराचं.

मुलाला मी घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी सायबर शाखेचा तंत्रज्ञ घेऊन मास्तरांकडे गेलो. त्याने राउटरमधून आजवर जोडलेल्या उपकरणांची यादी काढली. बापलेकाचे फोन, लॅपटॉप, टीव्ही, भाचीचा फोन आणि आणखी एक फोन, जो घरात कुणाच्याच ओळखीचा नव्हता.

भाचीला बोलावलं. पुण्याची मुलगी, घाबरून गेली होती. "आईशप्पथ सर, मी पासवर्ड कुणालाच सांगितला नाही."

तंत्रज्ञाने तिचा फोन मागितला, सेटिंगमध्ये शिरला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. एक सोय चालू होती. तिच्या फोनवर जे वायफाय जोडलेलं असेल, ते तिच्या यादीतल्या ओळखीच्यांच्या फोनलाही आपोआप मिळत होतं. त्यांना पासवर्ड दिसायचा नाही, पण फोन जोडला जायचा.

"हे कधी चालू केलंत?" मी विचारलं.

"फोन नवीन घेतला तेव्हा काहीतरी विचारत होता. मी सगळ्याला ओके ओके करत गेले."

तिच्या यादीतले आणि त्या तरुणीलाही ओळखणारे तिघे निघाले. घरासमोरच्या बेकरीतल्या कॅमेऱ्यात त्यातला एक सापडला. खात्यावर जेव्हा जेव्हा काही पडलं होतं, तेव्हा तो तिथे चहा घेत बसलेला होता. त्याच ऑफिसातला सहकारी. त्या तरुणीने त्याला लग्नाला नकार दिला होता. एकदा भाचीला गाडीवरून घरी सोडायला आला असताना त्याचा फोन गेटपाशी आपोआप जोडला गेला. आपण काहीही केलं तरी आळ या घरावर येईल, हे त्याच्या लक्षात आलं. सगळं कबूल केल्यावर तो म्हणाला, "पण पासवर्ड मी चोरला नाही सर." तेवढं खरंच होतं.

मुलगा निर्दोष असल्याचं मी कागदावर नोंदवलं. मास्तर म्हणाले, "साहेब, कागद ठाण्यात राहणार. गल्लीला कोण सांगणार?"

म्हणून गणवेशात परत गेलो आणि शेजाऱ्यांना घरोघर कन्नडमध्ये सांगितलं की या मुलाचा काही दोष नाही, चूक आमची झाली. शेजारच्या अक्का "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणाल्या आणि आत गेल्या. मुलाचं लग्न ठरत आलं होतं. हुबळीच्या मुलीकडच्या मंडळींचा फोन पुन्हा आला नाही.

निघताना मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "सर, तुम्ही कबूल कर म्हणालात ना, तेव्हा स्वल्प वेळ मलाच वाटलं, आपण केलं की काय."

त्याने हे न रागावता सांगितलं, म्हणून मला जास्त लागलं.

खोटं पकडण्यात माझी हयात गेली. या प्रकरणात मास्तर, मुलगा, भाची सगळे खरं बोलत होते, आणि तरीही त्यांच्या घरातली गोष्ट बाहेर गेली होती. ती कुणी दिली नव्हती, ती जात आहे हे त्यांना माहीतही नव्हतं. मी फक्त "कुणाला सांगितलं?" एवढंच विचारत राहिलो. सांगितल्याशिवायही ती जाऊ शकते, हे मला सुचलं नाही. माझ्या त्या अज्ञानाची शिक्षा दुसऱ्याने भोगली. उरलेल्या वर्षात समोर बसलेला माणूस "मी केलं नाही" म्हणाला की मी आधी गप्प बसायला शिकलो.