आधी साचा, की आधी गाडी?

येडगावच्या किसननानांना यंदा पंचाहत्तरावे लागले, आणि गौरवग्रंथाच्या समितीने त्यांच्या 'कार्यावर' लिहायचे काम माझ्या गळ्यात घातले. मी नारायणगावात गाड्यांना रंग मारतो. नानांच्या शेडमध्ये माझी बरीच वर्षे गेली, म्हणून माझी निवड झाली असावी. पण नाना नेमके काय करतात, हे मला आजही धड सांगता येत नाही. समितीतल्या एका सदस्यांना विचारले, तर ते म्हणाले, "गाड्या बनवतात, असं लिवा की राव!" पण नाना गाड्या बनवत नाहीत. गाडीचे अंग ज्यातून निघते तो साचा ते बनवतात, आणि तो साचा ज्याच्यावरून निघतो तो नमुना त्याच्याही आधी बनवतात. इथपर्यंत मला समजते. पुढे माझा गोंधळ सुरू होतो.

नानांची माझी पहिली ओळख भांडणातूनच झाली. पिंपरीच्या एका ओतशाळेत लाकडी नमुने घडवण्यात त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्त होऊन ते गावी आले आणि घरामागच्या शेडमध्ये एका हौशी गिऱ्हाइकासाठी गाडीचे अंग घडवू लागले. रंगासाठी मला बोलावले. बघतो तर लाकूड आणि लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लेप, यांची एक भरीव गाडी. दार नाही, आत बसायला जागा नाही. "नाना, मानूस शिरायचा कुठनं?" मी विचारले. नाना म्हणाले, "ही गाडी न्हाई भाऊ, नमुना हाय. पर रंग आरशावानी झाला पायजे. बारीक वरखडा जरी ऱ्हायला तरी त्यो पुढं जातो."

मी जीव ओतून रंग मारला. आयुष्यात तसे काम पुन्हा झाले नाही. नानांनी त्याच्यावर फायबरचा साचा घेतला, साचा उचलताना नमुना जागोजागी तुटला, आणि चार दिवसांनी गेलो तर हौसाकाकू, म्हणजे नानांच्या पत्नी, माझा रंग बंबात घालून पाणी तापवत होत्या! मी संतापलो. नानांनी मला शांतपणे साच्याच्या आत डोकावायला लावले. माझी सगळी चकाकी आतल्या बाजूला होती. "आता ही पुन्यांदा भाईर यील," ते म्हणाले. बाहेरची आत गेली आणि आतली बाहेर येणार, हे ऐकून मी मान डोलावली, पण घरी जाईपर्यंत डोके भणभणत होते.

नानांचा एक आवडता शब्द म्हणजे 'सूट'. नमुन्याची प्रत्येक भिंत ते किंचित कलती ठेवतात, म्हणजे साच्यातून वस्तू अडकल्याशिवाय निघते. त्या कलाला ते सूट म्हणतात. "सूट दिली न्हाई, तर सुटत न्हाई," हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की आमच्या घरीही ते भांडणात वापरले जाते. साच्याला मात्र ते स्वतः जिवापाड जपत. एकदा माझ्या हातून त्याच्यावर पाना पडला, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. "गाडी फुटली तर दुसरी निघंल. साचा फुटला तर सगळंच गेलं," हे त्यांचे तत्त्व. हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे जे झाले ते मला त्याच्याशी जुळवता येत नाही.

नानांच्या कन्या सुरेखाताई डिंगोऱ्याच्या शाळेत शिकवतात. लहानपणापासून त्यांचा एक पाय अधू आहे. बाजूला दोन चाके लावलेल्या स्कूटरवरून त्या जातात आणि पावसाळ्यात चिंब होऊन वर्गात उभ्या राहतात. नानांनी मनावर घेतले, की लेकीला बॅटरीवरची, बंद, एका माणसाची गाडी करून द्यायची. पत्र्याचे अंग जड, बॅटरी अर्ध्या वाटेत मान टाकायची. म्हणून कार्बन फायबर. ते काळे कापड वजनाला पिसासारखे, रेझिनचा डिंक पिऊन वाळले की लोखंडाला ऐकत नाही. नमुना झाला, साचा झाला. हे कळल्यावर आंबेगावातल्या दोघा-तिघांनीही येऊन विचारले, त्यांच्याही घरी अशीच अडचण होती. नाना म्हणाले, "साचा हाय ना, काढू की समद्यांच्या."

दसऱ्याच्या मुहूर्तावर कापड बसवायचे ठरले. त्याआधी नानांनी साच्याला आतून मेण लावले, पुसले, पुन्हा लावले. मेण असले की अंग साच्याला चिकटत नाही. मधल्या दिवशी आली खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी औजारांची पूजा असते. काकूंनी रंधा, पटाशी, कानस धुऊन मांडली. मग त्यांचा हात साच्यावर फिरला. चिकट लागला. चिकट वस्तूची पूजा करायची कशी? त्यांनी गरम पाणी आणि भांड्यांची पावडर घेतली, साचा आतून लखलखीत घासला, काठाला हळदकुंकू वाहिले आणि कुणाला काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही कापड बसवले, रेझिन लावले. वाळल्यावर अंग काढायला गेलो, तर ते हलेना. लाकडी पाचरी मारल्या, फटीत पाणी सोडले. काही नाही. नाना पुटपुटले, "सूट तर बराबर दिली व्हती." तेव्हा काकू पुढे आल्या. "अवो, परवा मी धुतलं त्ये. लई चिकाट व्हतं." आणि आमचे चेहरे पाहून त्या तिथेच खाली बसल्या. "माज्या लेकीच्या गाडीवर माजाच हात फिरला की."

आता एक तर अंग फोडायचे, नाही तर साचा. मला यात शंका नव्हती. मी म्हणालो, "नाना, अंग फोडू. साचा ऱ्हायला तर ताईंची बी निघंल आन् आंबेगावकरांची बी." नानांनी काकूंकडे पाहिले, आणि ग्राइंडर साच्यावर टेकवला.

"रडू नगं," ते म्हणाले. "साचा तसाबी जुना झाला व्हता."

ज्यातून एकही गाडी निघाली नव्हती, तो साचा जुना कसा झाला? मी विचारणार होतो, पण तोवर ग्राइंडर सुरू झाला. साच्याचा तुकडा न् तुकडा त्यांनी सोलून काढला. अंगाला ओरखडे पडले, ते मी लांबी भरून, रंग देऊन झाकले. सुरेखाताई आज त्याच गाडीतून कोरड्या अंगाने शाळेत जातात. चूक नानांची की त्यांच्या तत्त्वाची, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मात्र त्या दिवसापासून माझे त्यांच्यावर वडिलांसारखे प्रेम आहे.

आंबेगावच्या मंडळींना दिलेला शब्द नानांनी मोडलेला नाही. गेल्या महिन्यात शेडमध्ये पुन्हा ओनाम्यापासून नवा नमुना सुरू झाला. मला तो पहिल्यापेक्षा रुंद वाटला. "दोघांची गाडी हाय," नाना म्हणाले. काकू चहा घेऊन उभ्या होत्या. "दुसरी जागा कुनाची वो?" त्यांनी विचारले.

नानांनी रंधा थांबवला नाही. "साचा धुनारीची."

काकूंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, मला कळले नाही.

नाना, आधी नमुना, मग साचा, मग गाडी, आणि यातल्या कशालाच घाई चालत नाही, हे तुम्हीच शिकवलेत. ही गाडी व्हायला लागतील तेवढी वर्षे आणि त्यानंतर हिंडायला त्याहून अधिक वर्षे तुम्हाला ठणठणीत लाभोत, एवढेच ओझरच्या विघ्नहराला मागतो. काकूंना गाडी चालवता येत नाही, हे ध्यानात असू द्यावे.