सूर धरून बसलेले माधवराव सर

श्री. माधवराव गभणे सरांकडे मी पहिल्यांदा गेले ती पेटी शिकायला, आणि सरांनी पहिल्याच वाक्यात मला नकार दिला. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा बपेऱ्याच्या शाळेत शिक्षिका होते. राज्याच्या पार टोकाचे गाव, भाड्याची एक खोली, शाळा सुटली की बोलायला भिंती. शनिवारी भंडाऱ्याला घरी यावे, तर तिथे आईवडील राहिले नव्हते. भावाचा संसार, भावाचे हातमाग आणि त्या खटखटीत मी पाहुणी. पेटी आली तर संध्याकाळी हाताला काही काम तरी मिळेल, एवढ्याच विचाराने मी वैनगंगेचा पूल ओलांडून कारध्याला सरांच्या दारात उभी राहिले.

"पेटी नाही शिकवत मी," सर म्हणाले. "हे शिकाचं असंल तं बसा."

'हे' म्हणजे मोठे युकुलेले. सरांच्या पंचाहत्तरीचा हा ग्रंथ काढणाऱ्या गौरव समितीने बजावले आहे की बाई, हे काय प्रकरण आहे ते नीट लिहा, अर्ध्या लोकांना माहीत नाही. तर लिहिते. गिटारीची धाकटी बहीण म्हणा. चार तारा, मानेवर पडदे, छातीशी धरून अंगठ्याने छेडायचे. सर तुमसरकडच्या खाणीवर कारकून असताना तिथले एक साहेब बदलून जाताना ते सरांना देऊन गेले. सोबत ना पुस्तक, ना गुरू. भजनी मंडळात कानावर पडलेली सरगम सरांनी एकट्याने त्या पडद्यांवर बसवली. प, सा, ग, ध अशा तारा लावायच्या आणि बाकीचे सूर पडद्यांवर शोधायचे, ही त्यांची रीत. सरांखेरीज ते वाजवणारे दुसरे कोणी मला आपल्या भागात भेटले नाही.

पहिले सहा महिने नुसता बिलावल, म्हणजे सगळे शुद्ध सूर. सा रे ग म, वर आणि खाली. बोट पडद्याच्या डोक्यावर पडले की तार खरखरायची. पडद्याच्या किंचित मागे दाबायचे, हे सरांनी मला किती वेळा सांगितले असेल! मी मुळात तापट. एका रविवारी तणतणले की एखादे गाणे तरी शिकवा, लोक मला हसून राहिलेत, बसचे कंडक्टर याला बाईंचे तुणतुणे म्हणतात. सरांनी सगळे ऐकून घेतले, चहा पाजला आणि पुन्हा सा पासून सुरू करायला लावले. शिकवण्यात त्यांनी मला कधी सूट दिली नाही आणि कधी आवाजही चढवला नाही.

वाद्य एकच होते. ते सर दर रविवारी मला बपेऱ्याला न्यायला देत आणि पुढच्या रविवारी मी ते परत आणी. मधले सहा दिवस तुम्ही काय वाजवता, असे मी एकदा विचारले. मनात वाजवतो, म्हणाले. मला ते तेव्हा मोठे गमतीचे वाटले होते. मूर्खच होते मी.

दुसऱ्या वर्षी सरांनी खरी गंमत सांगितली. सूर तेच सात, पण सुरुवात रे पासून करा आणि रे लाच घर माना, की काफी राग होतो. ग पासून भैरवी, म पासून कल्याण, प पासून खमाज. मी अख्खा पावसाळा बपेऱ्याच्या खोलीत रे पासून रे पर्यंत घासले आणि मोठ्या तोऱ्यात सरांना वाजवून दाखवले. सर म्हणाले, हा बिलावलच आहे. माझा कान अजून जुन्याच सा वर टेकलेला होता. बोटे नव्या घरी गेली, मी नाही.

मग सर उठले. कोपऱ्यातल्या पेटीवरची चादर त्यांनी काढली. ती पेटी त्यांच्या दिवंगत पत्नीची होती. सर वाजवत तेव्हा त्या एक पट्टी दाबून सूर धरून बसत. त्या गेल्यानंतर सरांनी ती उघडली नव्हती आणि एकट्याने बिलावलच्या पुढेही ते गेले नव्हते. भात्यातून हवा गळत होती. सरांनी रे ची पट्टी दाबली आणि मला वाजवायला सांगितले. त्याच सुरांतून, त्याच पडद्यांवरून काफी आला. मला रडू फुटले.

"एकट्या माणसाले काफी नाही वाजवता येत, बाई," सर म्हणाले. "सूर धराले कोणीतरी लागते."

त्यानंतरची चार वर्षे माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षे. पुढे माझी सानगडीला मुख्याध्यापिका म्हणून बदली झाली. वाद्य माझ्याजवळच होते. कामे वाढली, हा रविवार नाही तर पुढचा, असे करता करता जाणे सुटले. युकुलेले जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटावर पडले. मी दोन वर्षे त्याला हात लावला नाही. सरांनी एका पत्रानेही विचारले नाही की माझे वाद्य कुठे आहे.

शेवटी शरमेने एका रविवारी दुपारी वाद्य घेऊन कारध्याला गेले. दार उघडे होते. सर पेटीपुढे बसले होते, एक पट्टी दाबून, डोळे मिटून. कोणासाठी हे, असे मी विचारले.

"तुमी तिकडं वाजवून राहिल्या असाल असं समजून," ते म्हणाले. "दर रविवारी बसतो ना मी, तुमच्या वेळेले."

मी खाली बसले, लुगड्याची गाठ सोडली, तारा जुळवल्या आणि वाजवले. पण त्या दोन वर्षांत मी एकदाही वाजवले नव्हते, हे सांगायची छाती मला त्या दिवशी झाली नाही. नंतरही झाली नाही. हा ग्रंथ सर वाचतील तेव्हाच त्यांना ते कळेल. सर, मला क्षमा करा.

पंचाहत्तरी गाठणाऱ्या सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. मी वाया घालवलेले त्यांचे सगळे रविवार त्यांच्या पुढच्या आयुष्यात जमा होवोत, आणि त्यातला एकही त्यांना एकट्याने काढावा लागू नये.