डाळिंबासाठी निर्जळी

माझ्या मेव्हणीइतकी भित्री मुलगी सोलापूर जिल्ह्यात दुसरी सापडायची नाही, आणि भीतीचा एवढा पद्धतशीर अभ्यास केलेली तर अख्ख्या महाराष्ट्रात नसेल. इतर माणसं अंधाराला भितात, विंचवाला भितात, फार तर सासूला भितात. ही पानाला भिते. डाळिंबाच्या पानावर मोहरीएवढा ठिपका दिसला की हिची पाचावर धारण बसते. मग पर्समधून भिंग निघतं, पान उन्हात धरून उलटंपालटं होतं, आणि तो ठिपका पाखराच्या शिटेचा निघाला तरी "आज न्हाय, पर उद्या?" म्हणून दुसऱ्या दिवशी ही त्याच पानापाशी हजर. एम.एस्सी. उद्यानविद्येला प्रवेश मिळाला तेव्हा बायकोची ही धाकटी बहीण मोहोळकडच्या खेड्यातून आमच्या सोलापुरातल्या घरी राहायला आली, ती एक बॅग, ते भिंग आणि ही भीती घेऊन. बॅग आणि भिंग तिच्या खोलीत मावलं. भीती मात्र घरभर झाली.

आल्या आल्या तिनं दारात एक पसरट घमेलं ठेवलं आणि त्यात ब्लीचिंग पावडरचं पाणी ओतलं. येणाऱ्यानं आधी चपला त्यात बुडवायच्या आणि मगच आत यायचं. "कुणाच्या बागंतनं आलाव का?" हा प्रश्न ती पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी विचारी. आमच्या शेजारच्या काकांचा जन्म टॉवेलच्या कारखान्यात गेला, तुळशीपलीकडे झाडाशी त्यांचा संबंध नाही, पण त्यांच्याही नव्या कोल्हापुरीचा रंग त्या घमेल्यात उतरला. तेव्हापासून काका आमच्याकडे अनवाणी येतात; देवळात आल्यासारखं वाटतं म्हणतात. एकदा मी हौसेनं बाजारातून डाळिंबं आणली. तिनं ती पेपरवर मांडली, एकेक फिरवून पाहिलं आणि एका फळावर तेलकट काळा डाग सापडताच सगळीच्या सगळी चिमट्यानं उचलून परसात नेऊन जाळली. वर मला म्हणाली, "दाजी, तुमी सफरचंद खावा की. त्याला काय झालं तर काश्मीरवाले बघतील." आमच्या भागात आभाळ भरून आलं की माणसं हात जोडतात. ही पांढरी पडायची, कारण ओलाव्याबरोबर रोग येतो.

आम्ही तिला हसायचो, पण पुरतं हसवत नसे. ती भीती कुठून आली होती ते घरात सगळ्यांना माहीत होतं. ती शाळेत असताना सासऱ्यांच्या भरल्या बागेत तेल्या रोग शिरला. पानांवर तेलकट डाग, मग फळांवर, मग फळं तडकून काळी. शेवटी सगळी बाग मुळासकट उपटून बांधावर जाळावी लागली. बाकीच्या रानात ज्वारी येत राहिली, पण विहिरीजवळचा तो तुकडा सासऱ्यांनी, म्हणजे तिच्या अण्णांनी, पडीकच ठेवला. मुलीला इकडे पाठवताना एवढंच म्हणाले, "शिकून ये. तू लाव म्हनलीस तर पुन्ना डाळिंब लावीन. नको म्हनलीस तर त्या रानाकडं बघनार न्हाय." झालं. नापास होण्याची भीती तिला कधी वाटलीच नाही. आपल्या एका शब्दावर बापाचं रान हिरवं होणार किंवा पुन्हा जळणार, या भीतीनं तिचा जीव रात्रंदिवस टांगणीला लागलेला असे.

आणि नशिबाची थट्टा अशी की तिच्या वाट्याला संशोधनाचा विषय आला तो ताणाचा. डाळिंबाचं झाड लाडानं फुलत नाही. बहार धरायचा तर आधी त्याचं पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून गळेपर्यंत तहानेलं ठेवायचं, आणि मग पाणी सोडलं की ते लालभडक कळ्यांनी फुटतं. किती ताणलं तर फुलेल आणि किती ताणलं तर मरेल, हे हिनं शोधायचं होतं. आदल्या वर्षी अवकाळी पावसानं तिचा प्रयोग धुऊन नेला होता. या वर्षी गेला तर पदवी गेली. भर मे महिन्यात, जेव्हा सोलापुरात डांबरसुद्धा पाणी मागतं, ती कॉलेजच्या शेतावर जाऊन झाडांची साल नखानं खरवडून बघे, आत हिरवं आहे ना म्हणून. आणि मग बायकोच्या लक्षात आलं की हिची पाण्याची बाटली जशी भरून जाते तशीच भरून परत येते. झाडांचा ताण सुटेपर्यंत दिवसा पाण्याला शिवायचं नाही, असं बाईसाहेबांनी ठरवलं होतं. "अगं, तू काय डाळिंब हायस का?" बायको कडाडली. "त्यांना तहानलेलं ठिवायचं आन त्यांच्या म्होरं उभं ऱ्हाऊन आपन घटाघटा प्यायचं, बरं दिसतंय का?" असं तिचं उत्तर. उद्यानविद्येच्या पुस्तकात हे व्रत कुठे दिलं असेल असं मला वाटत नाही.

व्हायचं तेच झालं. एका दुपारी कुंभारी गावाहून शेतावर कामाला येणाऱ्या मावशींचा फोन आला, "ताई पडल्याती, लौकर या." स्कूटर कशी चालवली ते मला सांगता येणार नाही. सासऱ्यांना काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं. मी पोचलो तेव्हा ती ताणावरच्या एका झाडाखाली निपचित पडलेली. मावशींनी शेजारच्या तुकड्यात चालू असलेला पाईप ओढून आणून तिच्या डोक्यावर धरला होता. आम्ही दोघांनी उचलून तिला रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं. घाबरेघुबरे आम्ही भोवती उभे असताना संध्याकाळी तिनं नीट डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "दाजी, पाईप कुनी बंद केला?"

कुणीच केला नव्हता. दुपारपासून तो त्या झाडाच्या बुडात वाहत होता. थोड्याच दिवसांत त्या निष्पर्ण ओळीत एकटं ते झाड कळ्यांनी फुटलं. लपवायचं म्हटलं तर सोपं होतं. मावशी म्हणाल्या, "कुनाला कळतंय, ताई? देवाची करनी म्हना." तिच्या मार्गदर्शक सरांपुढे भलेभले चळचळा कापत, हिची तर त्यांच्या खोलीच्या दारावरून जाताना वाचा बसे. मीही दबक्या आवाजात म्हणालो, एका झाडाचं काय एवढं? "सरांचं भ्या वाटतंयच, दाजी. पर खोट्या आकड्यावर अण्णांनी बाग लावली तर? त्याचं जास्त वाटतंय." तिच्या आग्रहावरून मी कॉलेजपर्यंत सोबत गेलो. उघड्या दाराबाहेर उभं राहून मला तिचा कापरा आवाज ऐकू येत होता. मग सर म्हणाले, "ते झाड प्रयोगातून वगळा, आणि का वगळलं ते प्रबंधात लिहा. सगळं लिहा, स्वतःच्या उपवासासकट." बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर ओघळ होते, आणि वाटेत तिनं आपणहून मागून दोन ग्लास उसाचा रस प्यायला.

पदवी मिळाल्यावर आम्ही तिघं गावी गेलो. सासरे आम्हांला थेट त्या पडीक तुकड्यावर घेऊन गेले आणि म्हणाले, "आता सांग." तिनं मातीचं ढेकूळ उचललं, चुरडलं, खाली टाकलं. चेहरा दवाखान्यात होता तसा झालेला. "लाव म्हनवत न्हाय, नको म्हनवत न्हाय. मला लई भ्या वाटतंय, अण्णा."

"म्हनून तर तुला इचारतोय," सासरे म्हणाले. "मागल्या बारीला ज्याला इचारून लावली, त्याला कशाचंच भ्या वाटत न्हवतं."

तिनं वाकून पुन्हा मूठभर माती उचलली. बायकोनं माझा हात घट्ट धरला होता. मग मेव्हणी म्हणाली, "लावू. पर थोडी लावू."

आता ती तिकडेच असते. यंदा त्या बागेचा पहिला बहार धरलाय. आमच्या घरात चपला घालून कुणीही कुठूनही येतं, आणि बायको बहिणीची खोली आवरायचं अजून पुढं ढकलते. सांजेला तिचा फोन येतो, "दाजी, तिकडं ढग हायत का?" मी गच्चीवर जाऊन बघतो आणि असतील तर आहेत म्हणून सांगतो. तिच्याशी खोटं बोलायची माझी छाती नाही. फोन ठेवल्यावर मोहोळच्या बाजूला तोंड करून मी थोडा वेळ तिथेच उभा राहतो. हल्ली मलाही भीती वाटते.